क्लॅरिनेटवर हवाई दलाच्या म्युझिशियन भरतीची तयारी: हातात पाच महिने, स्टाफ नोटेशन कच्चं

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. वय १९, दहावी पास, चार वर्षांपासून बँडपथकात क्लॅरिनेट वाजवतो. अग्निवीर वायू (म्युझिशियन) भरतीला उतरायचं आहे. अंदाजे पाच महिने मिळतील असं धरून चाललोय.

वाद्य बी फ्लॅट, मेरठचं, १३ चाव्यांचं. गाणी कानाने किंवा सरगम लिहून बसवतो. स्टाफवरची (पाच रेघांच्या पाश्चात्य नोटेशनवरची) अक्षरं ओळखता येतात, पण नवा कागद समोर ठेवला की बघून वाजवता येत नाही. लांब सूर ठीक लागतात. मधल्या ए, बी फ्लॅटवरून वर बी, सी कडे चढताना मात्र तीनातून एकदा तरी चिरकतं. आणि पेटीवर कुणी सूर दिला की मी जुळवायला जातो तर हमखास एक सूर खाली लागतो.

साइट रीडिंग शून्यातून कसं करायचं? चिरकणं रीडमुळे, वाद्यामुळे की बोटांमुळे? रोज तीन तास मिळतात, ते कसे वाटू? कृपया नेमकं सांगा.

दुसरी_ओळ

आधी जाहिरातीतला म्युझिशियनचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. त्यात लय आणि सुराची अचूकता, एक पूर्ण गाणं गाऊन दाखवणं, तयार केलेली धून वाजवणं, कुठल्या तरी नोटेशनमधलं वाजवणं, आपलं वाद्य सुरात लावणं आणि अनोळखी सूर गळ्याने किंवा वाद्याने जुळवणं एवढं मागितलेलं असतं. नोटेशनमध्ये स्टाफ, टॅब्लेचर, टॉनिक सोल्फा, हिंदुस्थानी, कर्नाटक असे पर्याय असतात, म्हणजे कागदावर सरगमही चालते. तरी स्टाफच शिका. पुढे बँडमध्ये रोज स्टँडवर येणारा कागद स्टाफचाच असतो, आणि क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर इतर कुणाहीपेक्षा जास्त सूर असतात, कारण वाद्यवृंदात व्हायोलिनं जे काम करतात ते लष्करी बँडमध्ये बी फ्लॅट क्लॅरिनेटं करतात.

सूर जुळवण्याचा घोळ आधी मिटवू, तो एका दिवसाचा आहे. तुमचं वाद्य बी फ्लॅट. तुम्ही सी वाजवता तेव्हा पेटीवरची काळी पाच (बी फ्लॅट) वाजते. म्हणून पेटीवरच्या सुरापेक्षा तुमचं बोट कायम एक पूर्ण सूर वर हवं. पांढरी एक दिली तर तुमचा डी. पांढरी चार दिली तर जी. काळी दोन दिली तर एफ. काळी पाच दिली तर सी. पांढरी सहा, म्हणजे ज्या ए वर सगळे वाद्य लावतात तो, दिला तर तुमचा बी. तुम्ही पेटीवरच्या सुराचंच नाव धरून बोट ठेवता, म्हणून एक सूर खाली पडता. कान चांगला आहे, नावं चुकतायत. रोज दहा मिनिटं: डोळे मिटून पेटीवर एक सूर दाबायचा, आधी आकारात गायचा, मग वाद्यावर शोधायचा. गाण्याची पायरी गाळू नका. गळ्यात बसलेला सूर बोटांना पटकन सापडतो, आणि गळ्याने जुळवायला सांगितलं तर तीही तयारी होते.

आता वाचन. सरगमवाल्यांची एक सवय फार नडते: स्टाफखाली पेन्सिलने सा रे ग लिहायचं. सा फिरता आहे, स्टाफ स्थिर आहे. जी मेजरमध्ये सा म्हणजे जी, एफ मेजरमध्ये सा म्हणजे एफ. बोटांना मग दर वेळी नवा हिशोब पडतो. बोटासाठी अक्षर, कानासाठी सरगम, असे दोन कप्पे ठेवा. नवा कागद आला की स्केल सरगममध्ये गाऊन घ्या, आणि वाजवताना फक्त ए बी सी.

पहिले तीन आठवडे खालच्या ई पासून मधल्या बी फ्लॅटपर्यंतच वाचा, वर जाऊ नका. मेट्रोनोम ६० वर. रोज आधी चार-चार मापांचे (बारचे) आठ तुकडे फक्त टाळीवर, मग तेच वाजवून. चौथ्या आठवड्यापासून रोज एक कोरं पान, जे पुन्हा कधीच वाजवायचं नाही. दुसऱ्यांदा वाजवलं की ते साइट रीडिंग राहत नाही, पाठांतर होतं. त्यामुळे कागदाचा साठा लागतो: सुरुवातीच्या तीन-चार ग्रेडची वापरलेली पुस्तकं जमवा, आणि तीही कमी पडली तर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, कॉर्नेटचे भाग वाचा. ट्रेबल क्लेफ तोच आहे.

वाजवण्याआधी तीस सेकंद मिळाले असं धरून क्रम ठरवून घ्या. की सिग्नेचर (कुठले शार्प-फ्लॅट), टाइम सिग्नेचर (मापात किती ठोके), सगळ्यात अवघड माप कुठलं, परत कुठे फिरायचं. त्या अवघड मापाला जेवढी लय झेपेल तेवढ्याच लयीत पहिलं माप सुरू करायचं. पहिलं माप सोपं दिसलं म्हणून जोरात निघालेला माणूस सातव्या मापात पडतो. आणि काहीही झालं तरी थांबून दुरुस्त करायचं नाही. चुकलेला सूर खपतो, तुटलेला ठेका खपत नाही. चालत्या बँडमध्ये थांबलेल्या वादकाचा उपयोग नसतो, ऐकणारे नेमकं तेच पाहत असतात.

मार्चच्या कागदावर चार जागी सगळे फसतात. पहिली, ट्रिओ, म्हणजे मार्चचा मागचा भाग. बहुतेक मार्चमध्ये ट्रिओला की बदलते आणि एक फ्लॅट वाढतो (शार्पची की असेल तर एक शार्प कमी होतो). वाजवण्याच्या भरात डोळा तिकडे जात नाही, म्हणून त्या तीस सेकंदांतच तिथे बोट ठेवून बघा. दुसरी, पहिल्या आणि दुसऱ्या वेळचे शेवट, आणि डी.सी. (पुन्हा सुरुवातीपासून) लिहिलेलं असताना फिने (शेवट) कुठे आहे ते. तिसरी, मापात मध्येच आलेला शार्प किंवा फ्लॅट त्या मापाच्या शेवटापर्यंत चालतो, पुढच्या मापात नाही. चौथी, डॉटेड क्वेव्हर आणि सेमिक्वेव्हरची जोडी. आपल्याकडे ती तीनात दोन-एक अशी गोल करून वाजवायची सवय आहे, झुलती. मार्चमध्ये ती चारात तीन-एक हवी, टोकदार. एका टाळीत चार मोजा आणि छोटा सूर चौथ्यावरच पाडा.

६/८ मार्च दादऱ्यासारखा मोजू नका. सहा मात्रा दिसल्या की पाय आपोआप दादऱ्यात जातो. पण इथे ठोके दोनच: डावा पाय, उजवा पाय, प्रत्येकात तीन. मेट्रोनोम त्या दोनांवर लावा.

तीन तासांची वाटणी: ४० मिनिटं लांब सूर आणि स्केल, २० मिनिटं ब्रेक, म्हणजे ए, बी फ्लॅटवरून बी, सी कडचं ते चढणं (त्यावर जाणकार सांगतीलच), ४० मिनिटं वाचन, ४० मिनिटं तयार धून, उरलेली कान, गाणं आणि विश्रांती. सलग वाजवू नका. दर २५ मिनिटांनी पाच मिनिटं वाद्य खाली. ओठ थकले की माणूस चावायला लागतो, आणि थकल्यावर केलेला रियाज चावण्याचाच रियाज होतो.

रीड_साडेतीन

चिरकण्याबद्दल. अंदाज करत बसू नका, दहा मिनिटांत कारण सापडतं.

खालचा ई वाजवा, म्हणजे सगळी छिद्रं बंद आणि करंगळीही जागेवर. तो भरून वाजत असताना ओठ, श्वास काहीही न बदलता डाव्या अंगठ्याने रजिस्टर चावी उघडा. (मित्राला उघडायला सांगितलं तर आणखी बरं, म्हणजे तुमचा ओठ आधीच सावध होत नाही.) मधला बी आपोआप उडायला हवा. क्लॅरिनेट बासरीसारखं सप्तकावर उडत नाही, बाराव्या सुरावर उडतं, म्हणून ई चा बी होतो. आता निकाल: बी दहापैकी दहा वेळा स्वच्छ आला, तर वाद्य आणि रीड ठीक आहे, दोष ए वरून बी ला जाणाऱ्या बोटांचा. खालचा ई च दबका, फुसफुसता असेल तर कुठेतरी हवा गळते. ई भरदार आहे पण बी घुरघुरतो किंवा उडतच नाही, तर रजिस्टर चावीखालच्या नळीत कापसाचा धागा किंवा मळ अडकलाय का बघा, मग रीड बदलून बघा.

गळती शोधायला वाद्याचे दोन तुकडे वेगळे करा. वरच्या तुकड्याची छिद्रं बोटांनी बंद करा, एक टोक तळहाताने दाबून धरा, दुसऱ्या टोकाने हलके हवा ओढून घ्या आणि थांबा. ओढ चार-पाच सेकंद टिकली पाहिजे आणि सोडताना ‘पॉक’ असा आवाज आला पाहिजे. लगेच सुटली तर पॅड गळतोय. खालच्या तुकड्याचंही तसंच. कुठला पॅड ते सिगारेटच्या कागदाने कळतं: सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी पॅडखाली घालून चावी अगदी हलकी बंद करायची आणि पट्टी ओढायची. चारही बाजूंनी सारखी ओढ लागली पाहिजे. एका बाजूने सुळकन निघाली की तो पॅड तिरका बसलाय. जुन्या वाद्यात वरच्या ए आणि जी शार्पच्या चाव्यांचे पॅड आधी जातात, कारण ओल तिथेच साचते.

वाद्य बरं निघालं तर बोटं. मधल्या ए ला जवळजवळ सगळी बोटं हवेत असतात, आणि पुढच्या बी ला सगळी एकदम खाली यावी लागतात. नऊ गोष्टी एका क्षणी. त्यात उजव्या हाताची अनामिका उशिरा येते, किंवा डावी तर्जनी ए च्या चावीवरून उचलून छिद्रावर आदळते. तर्जनी उचलायची नाही, कडेवर लोळवायची: मुळाकडच्या कडेने चावी उघडायची आणि तिथूनच पुढे कलंडून छिद्र झाकायचं. मनगटातून किंचित वळण, बोट सरळ होता कामा नये.

उजव्या हाताला आधीच खाली ठेवा. ए आणि बी फ्लॅट वाजताना उजवी तिन्ही बोटं आपापल्या छिद्रांवर ठेवली तरी सूर बिघडत नाही. उलट हे मधले सूर एरवी पोकळ आणि बहुधा चढे लागतात, ते बोटं ठेवल्यावर भरतात आणि थोडे उतरतात. ट्यूनर लावून आपल्या वाद्यावर कुठल्या दोन बोटांनी नेमकं जुळतं ते शोधा आणि तेच पक्कं करा. मग ए, बी, ए, बी जोडून, मेट्रोनोम ६०, एकेका सुराला चार ठोके. चिरकलं की लय कमी करायची नाही, चार ठोक्यांचे आठ करायचे. तीन आठवडे रोज वीस मिनिटं. कुठलाही दिवस चुकवू नका.

आणि लग्नाच्या वाजवण्यातली एक गोष्ट इथे सोडावी लागेल. मींड, कंप, सुराला खालून उचलणं, हे बँडपथकात सुंदर लागतं आणि माणसं त्यासाठीच क्लॅरिनेटवाल्याला ओळखतात. पण लष्करी बँडमध्ये आठ-दहा क्लॅरिनेटं एकच ओळ वाजवतात. तिथे एकाने सूर खालून उचलला की सगळ्यांचा सूर मळकट होतो. म्हणून सरळ सूर, कंप अजिबात नाही. लांब सूर वाजवताना ट्यूनरचा काटा बघा: सुरुवात, मध्य, शेवट एकाच जागी. हळू ते मोठा ते पुन्हा हळू, बारा ठोके. मोठा होताना क्लॅरिनेट उतरतं, हळू होताना चढतं. ओठ घट्ट करून ते सावरू नका, पोटाचा आधार आणि जिभेची मागची बाजू वर, ‘ई’ म्हणताना असते तशी.

सूर जिभेने सुरू करा. बँडपथकात मोठा आवाज काढायच्या नादात ‘हू’ म्हणून घशातून सुरुवात करायची सवय लागते. जिभेचं टोक रीडच्या टोकाला, ‘डु’ म्हणताना लागतं तेवढंच. हवा थांबत नाही, जीभ फक्त नळाची तोटी. सेमिक्वेव्हर एकाच सुरावर ८० ला चार मापं सलग स्वच्छ आले की दर आठवड्याला २ ने वाढवा. १०४ पर्यंत गेलात तर बहुतेक मार्च हाती येतील.

रीड: माउथपीस मध्यम उघडा असेल तर अडीच ते तीन नंबर. कडक रीडने आवाज मोठा होतो हा गैरसमज आहे, फक्त ओठ चावतात आणि मधले सूर आणखी चढतात. एका वेळी चार रीड चालू ठेवा, मागे १ ते ४ आकडे आणि सुरुवातीची तारीख लिहा. नवं रीड पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी पंधरा, मग आळीपाळीने. लावताना माउथपीस समोरून बघा: रीडच्या टोकावर माउथपीसची केसाएवढी काळी रेघ दिसली पाहिजे. खालचा स्क्रू घट्ट, वरचा नुसता टेकलेला. परीक्षेच्या दिवशी आठ-दहा दिवस वाजवलेलं रीड, कोरं कधीच नाही.

घाटाखाली

वाद्याबद्दल कुणी बोललं नाही. १३ चाव्या म्हणजे तुमचं वाद्य बहुतेक साध्या पद्धतीचं, ज्याला अल्बर्ट म्हणतात. ओळख सोपी: करंगळ्यांच्या चाव्या मोजा. बोएम पद्धतीत डाव्या करंगळीला तीन, उजवीला चार. साध्या पद्धतीत दोन-दोन. मेरठच्या जाली कोठीतून येणारी बँडची क्लॅरिनेटं अजूनही बरीचशी याच पद्धतीची असतात.

भरतीनंतर हातात येईल ते वाद्य बोएमचं असेल. आत्ताच बदला. पाच महिने पुष्कळ झाले. मुख्य फरक उजव्या हाताचा: वरच्या रजिस्टरमध्ये साध्या पद्धतीत एकट्या तर्जनीने एफ शार्प येतो आणि तर्जनी-अनामिका मिळून एफ. बोएममध्ये एकट्या तर्जनीने एफ, एकट्या मधल्या बोटाने एफ शार्प, सॅक्सोफोनसारखं. खालच्या रजिस्टरमध्ये तीच अदलाबदल बी आणि बी फ्लॅटची. डोक्याला ते एका तासात कळतं, बोटांना महिना लागतो. विकत घ्यायचं तर प्लॅस्टिकचं साधं यामाहा २५५ किंवा तसंच वापरलेलं पुरेसं आहे. लाकडीच्या मागे लागू नका, नवं लाकूड पहिल्या महिन्यांत जपून, थोडं थोडं वाजवावं लागतं आणि तुम्हाला रोज तीन तास हवेत.

दुसरी_ओळ

घाटाखाली, पूर्ण सहमत नाही. परीक्षा वादनाची आहे, पद्धतीची नाही. चार वर्षांची बोटं मोडून अर्धवट बोएमवर उभं राहिलं तर तयार धूनही जाईल. पण वाचन यांचं तसंही नवीन आहे. नवं वाचन जुन्या बोटांवर बसवून पुन्हा नव्यावर बसवणं दुप्पट काम, हा तुमचा मुद्दा खरा.

म्हणून मुदत घाला. उसनं का होईना बोएम मिळवा, तीन आठवडे फक्त त्यावरच वाजवा, जुनं पेटीत बंद. एकविसाव्या दिवशी खालच्या ई पासून वरच्या सी पर्यंत क्रोमॅटिक स्केल (मधले सगळे शार्प-फ्लॅट धरून), ६० ला एका ठोक्यात दोन सूर, चढ-उतार न अडखळता आली तर पुढेही तेच. नाही आली तर जुन्यावर परत या आणि परीक्षा त्यावरच द्या, बदल नंतर करता येतो. रोज दोन्ही वाजवणं मात्र करू नका. एफ आणि एफ शार्प दोन्ही वाद्यांवर बिघडतील.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच तपासलं: ई वरून रजिस्टर चावी उघडली की बी दहापैकी दहा वेळा आला. म्हणजे बोटंच. तर्जनी उचलत होतो हे आरशात दिसलं. करंगळीला दोन-दोनच चाव्या आहेत, म्हणजे अल्बर्टच. जवळच्या गावातल्या एका शाळेत एनसीसी बँडचं बोएम पडून आहे, ते तीन आठवड्यांसाठी मागतो.

दोन शंका राहिल्या. तयार धून कोणती न्यावी, सिनेगीत चालेल का? आणि धावणं, मेडिकल यांत वादकाने काय खास बघावं?

मिरज_पॅसेंजर

धून दोन न्या. एक स्टाफवरून बसवलेली, दोन मिनिटांच्या आत, ज्यात ब्रेक दोन्ही दिशांनी ओलांडला जातो आणि तोडून व जोडून अशी दोन्ही प्रकारची वाजवणी दिसते. तिच्या दोन छायाप्रती बरोबर ठेवा, एक ऐकणाऱ्यासाठी. दुसरी तुमच्या हातातली, संथ. सिनेगीत चालायला हरकत नाही, रागातली छोटी गतही चालेल, पण जी धून वाजवाल तिचा पहिला सूर पेटीवर काय येतो ते सांगता आलं पाहिजे. अवघड निवडू नका. अवघड धून ८५ टक्के वाजवणाऱ्यापेक्षा सोपी धून सुरात आणि लयीत पूर्ण वाजवणारा पुढे जातो. राष्ट्रगीत तर पाठच हवं, स्टाफवर वाचून आणि घड्याळ लावून: पूर्ण वाजवायची वेळ सुमारे ५२ सेकंद आहे. बहुतेक जण संथ करत करत ६० च्या पुढे नेतात.

गायचं गाणं आजच ठरवा. पूर्ण गाणं मागतात, नुसतं ध्रुवपद नव्हे, पूर्ण. आपल्या गळ्याची पट्टी शोधून तानपुऱ्याच्या ॲपवर गा, आणि शेवटच्या ओळीनंतर तानपुरा पुन्हा चालू करून बघा सा हलला का.

मार्चिंगचा सराव कुणी सुचवला नाही म्हणून सांगतो. मेट्रोनोम १२० वर लावा, जागेवर कदमताल, पहिल्या ठोक्यावर डावा पाय, आणि आठ मापांची ओळ वाजवा. टाच आपटली की माउथपीस दातांवर आपटतो आणि सूर हलतो. गुडघा किंचित सैल ठेवून पाय टेकवा. श्वास चार मापांनी, तोंडाच्या कडेने, ओठांची मधली पकड न सोडता.

धावणं १.६ किमी. हवाई दलाच्या म्युझिशियन जाहिरातीत मुलांना ७ मिनिटं असतात, शिवाय उठाबशा, पुश-अप, सिट-अप. साडेसहाची तयारी ठेवा म्हणजे थंडीत, अनोळखी मैदानावरही जमेल. धावणं सकाळी, वादन संध्याकाळी. धापेत वाजवायला बसलात तर श्वास छातीत वर राहतो आणि तीच सवय लागते.

मेडिकलमध्ये वादकाने दोन गोष्टी आधी बघाव्यात. दात: किमान १४ डेंटल पॉइंट (दातांच्या तपासणीतले गुण) लागतात, आणि क्लॅरिनेटवाल्याचे वरचे पुढचे दात आधीच झिजत असतात. माउथपीसवर रबरी पॅच चिकटवा आणि कीड असेल तर आत्ताच भरून घ्या, आदल्या आठवड्यात नाही, कारण नवीन भरलेल्या दाताने पकड काही दिवस बदलते. कान: प्रत्येक कानाला वेगळं, ६ मीटरवरून कुजबुज ऐकू यावी लागते. बँडपथकात ताशा, ढोल आणि आता डीजेच्या भिंतीशेजारी तासन्तास उभं राहावं लागतं. या सिझनला फोमचे इअरप्लग घाला. हे मी फार कळकळीने सांगतोय. गेलेला कान परत येत नाही, आणि वादकाचं सगळंच त्यावर आहे.

एकाच दारावर बसू नका. नौदल म्युझिशियन वेगळे भरतं, त्यांची संगीताची शाळा मुंबईत कुलाब्याला आयएनएस कुंजालीवर आहे. लष्करात रेजिमेंटच्या बँडसाठी भरती होते आणि शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये. महाराष्ट्र पोलीस भरतीतही बॅण्ड्समनच्या जागा निघतात. उंची, वय, धावण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी, पण वादनाची तयारी हीच.

रीड_साडेतीन

एक राहिलं, वाद्य सुरात लावणं. थंड हवेत क्लॅरिनेट उतरतं, साधारण एका अंशाला तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). भरती केंद्रावर डिसेंबरच्या सकाळी तुम्ही बाहेर रांगेत उभे, नाव पुकारलं, आत गेलात, पहिला सूर वाजवला: तो पाव सुराच्या जवळपास खाली असू शकतो. घाबरून ओठ आवळू नका. रांगेत असतानाच वाद्य जॅकेटच्या आत धरा, आणि आत जाण्याआधी सगळी बोटं बंद करून आवाज न काढता दोन मिनिटं तोंडाची गरम हवा सोडत राहा. लाकडी असेल तर आधी वरचा तुकडा तळहातांत बाहेरून गरम करा, एकदम आत गरम हवा सोडली तर लाकूड तडकतं.

लावायचं असं. पेटीवर काळी पाच मागा, तुमचा मधला सी वाजवा, म्हणजे वरच्या रजिस्टरमधला तिसऱ्या घरातला. चढा असेल तर बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) मिलिमीटरभर बाहेर. मग मधला जी तपासा. बॅरल ओढल्याने हे वरच्या टोकाचे, छोट्या नळीचे सूर जास्त उतरतात, लांब नळीचे कमी. सी जुळला पण जी फार खाली गेला तर बॅरल अर्धा परत आत आणि मधला सांधा थोडा बाहेर. वाद्य आधीच उतरलेलं असेल तर ओढून काही होत नाही, गरमच करावं लागतं. घरी पाच सुरांची नोंद करून ठेवा: खालचा एफ, मधला जी, बी, सी, वरचा जी. प्रत्येक किती सेंट चढा-उतरा ते वहीत, सकाळी आणि दुपारी.

पिशवीत काय हवं: तीन वाजवलेली रीड, पुसायचं फडकं, कॉर्क ग्रीस, सिगारेटचे कागद (छिद्रात पाणी साचून ए गुरगुरायला लागला की पॅडखाली धरून दाबायला), बारीक स्क्रूड्रायव्हर, रबर बँड दोन. स्प्रिंग निसटली तर रबर बँडने चावी बंद धरता येते आणि परीक्षा पार पडते.

वारणाकाठ

शाळेतलं बोएम उद्या मिळतंय. रजिस्टर नळी आधी साफ करतो, मग गळतीची परीक्षा. एकविसाव्या दिवशी क्रोमॅटिकचं काय झालं ते इथेच लिहितो.

घाटाखाली

पडून राहिलेलं वाद्य आहे, तर सांधे जोडण्याआधी कॉर्कवर ग्रीस लावा आणि वरचा-खालचा तुकडा जोडताना मधली पुलाची चावी वर उचलून धरा (वरच्या तुकड्याच्या रिंगा दाबल्या की ती उचलली जाते). ती वाकली तर बी फ्लॅट जाईल आणि तुम्हाला वाटेल बोट चुकतंय.